मुरमाच्या पट्टीवर प्रॉपेलर जपायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: बारामतीच्या डांबरी धावपट्टीवर शिकलेले एक वैमानिक गेले तीन महिने पुण्याच्या पूर्वेकडच्या एका मुरमाच्या पट्टीवरून सेस्ना १७२ उडवत आहेत. प्रॉपेलरच्या दोन्ही पात्यांच्या पुढच्या कडेला खाचा पडल्या आहेत. त्यांतली एक, टोकापासून वीतभर आत असलेली, नखाला अडकते. नोजव्हीलला (नाकाखालच्या चाकाला) मडगार्ड लावावं, पात्यांवर संरक्षक टेप चिकटवावी, की सरळ तीन पात्यांचा प्रॉपेलर बसवावा, असं त्यांनी विचारलं आहे.

तिन्ही गोष्टींवर बोलतो, पण आधी ती नखाला अडकणारी खाच. परवानाधारक एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) ती स्वतः पाहून, कानसून, तपासून लॉगबुकात सही करेपर्यंत विमान उडवू नका. 'एवढीशी तर आहे' असं वाटणं साहजिक आहे. पण पूर्ण वेगात फिरणाऱ्या पात्याला मध्यापासून बाहेर ओढणारा जोर दहा टनांहून जास्त असतो. शिवाय इंजिनातल्या प्रत्येक स्फोटाचा धक्का त्याच पात्यातून कंप होऊन जातो. गुळगुळीत कडेवर हा ताण पसरून राहतो. खाच पडली की तो तिच्या तळाशी एकवटतो आणि तिथून बारीक तडा सुरू होतो. ॲल्युमिनियमला पोलादासारखी 'याखाली कधीच थकणार नाही' अशी सुरक्षित मर्यादा नसते. तडा प्रत्येक उड्डाणात थोडाथोडा पुढे जातो, बाहेरून काही दिसत नाही आणि एक दिवस टोकाचा तुकडा निघून जातो. असं झालं की राहिलेल्या प्रॉपेलरचा तोल इतका बिघडतो की इंजिन त्याच्या बैठकीतून उखडू शकतं. म्हणून खाचेची खोली बघून काळजी कमी-जास्त करायची नाही. खाच दिसली की तिचा निकाल लावायचा.

आता मडगार्ड. नोजव्हील खडे उडवतं आणि ते प्रॉपेलरला लागतात, हा समज मी बऱ्याच जणांकडून ऐकला आहे. तुमच्या विमानाजवळ बाजूने उभे राहून एकदा बघा. प्रॉपेलर पुढे आहे, नोजव्हील त्याच्या मागे आहे. चाकाने उडवलेला खडा मागे जातो. तो मुख्य चाकांवर, पोटाखालच्या अँटेनांवर, शेपटीच्या आडव्या पंखाच्या खालच्या बाजूवर आपटतो, आणि तिथलं नुकसानही खरंच होतं. पण प्रॉपेलरला लागणारा खडा चाकाने उडवलेला नसतो. तो प्रॉपेलरने स्वतः जमिनीवरून उचललेला असतो.

कसा, ते पावसाळ्यात डोळ्यांनी दिसतं. ओल्या काँक्रीटवर विमान उभं करून इंजिनाचा जोर वाढवला की प्रॉपेलरच्या खाली, किंचित पुढे, जमिनीवर पाण्याचा एक भोवरा फिरू लागतो. मग त्यातून दोरीसारखी पिळदार, पांढुरकी धार वर उठते आणि पात्यांच्या चक्रात शिरते. हँगरमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या पावसात हे लांबून दाखवतो, कारण एकदा पाहिलं की विसरत नाही. वैशाखात रानात उठणारी वावटळ पालापाचोळा जशी उचलते तशीच ही. कोरड्या मुरमावर ही वावटळ दिसत नाही, पण असते, आणि ती पाण्याऐवजी खडे उचलते.

या वावटळीचा एक स्वभाव पक्का लक्षात ठेवा: तिला जागेवर पाय रोवायला विमान उभं लागतं. विमान पुढे सरकू लागलं, किंवा समोरून चांगला वारा असला, की ती मागे वाहून जाते आणि खडे उचलले तरी ते चक्राच्या मागे पडतात. म्हणजे धोका सगळ्यात जास्त केव्हा? विमान उभं आहे आणि थ्रॉटल उघडा आहे, म्हणजे इंजिन जोरात आहे, तेव्हा. धावताना, उतरताना, हवेत असताना नव्हे. तुमच्या तीन महिन्यांतल्या बहुतेक खाचा इंजिन सुरू करताना, रन-अप, म्हणजे उड्डाणाआधी जोर देऊन इंजिनाची तपासणी, करताना आणि धाव सुरू करायच्या आधी ब्रेक दाबून जोर देताना पडल्या असणार. जेट विमानांनाही हे चुकलेलं नाही. बोइंग ७३७-२०० कच्च्या धावपट्ट्यांवर उतरवण्यासाठी जो खास संच मिळायचा, त्यात नोजव्हीलमागे खडे अडवणारी पाटी तर होतीच, पण प्रत्येक इंजिनाच्या तोंडापुढे एक नळीही होती. इंजिनातून घेतलेली दाबाची हवा खाली फुंकून ही वावटळ तयार होण्याआधीच मोडायची, एवढंच तिचं काम. आपल्या छोट्या विमानांना अशी नळी नाही. आपल्याकडे वैमानिकाचा उजवा हात आहे.

खडा केवढा आणि मार केवढा, याचा हिशेब करून बघा. १७२ एस वरचा प्रॉपेलर ७६ इंच व्यासाचा, म्हणजे १.९३ मीटरचा. तो मिनिटाला २७०० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला साधारण २७३ मीटर होतो, ताशी ९८० किलोमीटर. आपल्या मुरमातला एक सेंटिमीटरचा गोटा दीड ग्रॅमचा असतो. तो टोकाशी भेटला की बसणारा मार म्हणजे एक किलोचा हातोडा साडेपाच मीटर उंचीवरून त्या एका बिंदूवर सोडल्यासारखा. आणि आपला दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. त्याच्यापुढे ॲल्युमिनियम मऊ आहे. नदीकाठच्या वाळूने पात्याची कड घासून खरखरीत होते, खडीच्या कचेने मात्र ती तुटते. पुण्याच्या आजूबाजूला आपल्याला बहुधा दुसऱ्या प्रकाराशी सामना करावा लागतो.

म्हणून तुमच्या तिन्ही पर्यायांच्या आधी मी सांगेन, एक कोबा घाला. पट्टीच्या ज्या टोकाला विमान उभं असतं तिथे प्रॉपेलर आणि नोजव्हील दोन्ही मावतील असा, सहा मीटर लांब-रुंद काँक्रीटचा चौथरा, तोंड पश्चिमेकडे. उन्हाळ्यातल्या दुपारी आणि अख्खा पावसाळा आपल्याकडे वारा पश्चिमेकडूनच असतो, तो समोरून मिळेल. चौथऱ्याची पातळी भोवतालच्या मुरमाशी अगदी बरोबरीची हवी. इथे हमखास चूक होते. पहिल्या पावसात कडेचा मुरूम वाहून जातो, दोन-तीन इंचांची पायरी तयार होते आणि चौथऱ्यावरून उतरताना नोजव्हील त्या पायरीवरून धपकन खाली जातं. त्यामुळे कडेला भर घालत राहायची. रोज पहिलं उड्डाण असेल तेव्हा खराट्याने चौथरा झाडायचा, आणि नुसता चौथराच नाही, त्याच्या पुढचा दोन-तीन मीटरचा पट्टाही, कारण वावटळ थोडी पुढूनही ओढते. काहीजण रबरी चटई किंवा पत्रा टाकतात. तसं करू नका. सुटी वस्तू प्रॉपेलरखाली ठेवणं म्हणजे खड्याऐवजी चटई आत ओढायला देणं.

इंजिन सुरू करणं, मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) तपासणी, सगळा रन-अप त्या कोब्यावर उरकायचा. इंजिन पकडल्याबरोबर फेरे १००० च्या खाली आणायचे. यात आपल्या हवेची एक खोच आहे. एप्रिल-मेमध्ये इंधन इंजेक्शनच्या इंजिनात, उदाहरणार्थ १७२ एस च्या आयओ-३६० मध्ये, उड्डाणानंतर अर्ध्या तासाने परत सुरू करायला गेलं की नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. वैमानिक सुरुवातीचं इंधन जास्त सोडतो, इंजिन ओलं होतं, मग थ्रॉटल अर्धा किंवा पूर्ण उघडून सुरू करायची पद्धत वापरावी लागते. इंजिन पकडतं आणि हात मागे यायच्या आत २००० फेऱ्यांवर गर्जतं. मुरमावर उभ्या विमानात हे दोन सेकंद महिन्याभराच्या टॅक्सीपेक्षा (जमिनीवर विमान चालवण्यापेक्षा) महाग पडतात. तेव्हा उन्हाळ्यात गरम इंजिन फक्त कोब्यावरच सुरू करायचं. मुरमावर मध्येच बंद पडलं तर टो-बार लावून ढकलत चौथऱ्यावर आणायचं. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या.

विमान हलवताना आधी थोडा जोर देऊन ते चालतं करायचं आणि लगेच थ्रॉटल मागे घ्यायचा. मऊ जमिनीवर चाक रुतलं असेल तर जोर वाढवत बसायचं नाही. इंजिन बंद करायचं, उतरायचं, चाकासमोरची माती काढायची. टॅक्सी करताना योक (विमानाचं हँडल) पूर्ण मागे धरून ठेवा. प्रॉपेलरचा वारा शेपटीवर दाबतो, नाक हलकं होतं, नोज स्ट्रट (नोजव्हीलचा धक्के शोषणारा पाय) थोडा उघडतो आणि पात्याचं टोक जमिनीपासून जरा वर राहतं. मागून जोराचा वारा असेल तर योक पुढे, हा नेहमीचा नियम मात्र इथेही पाळायचा. अशा वेळी टॅक्सी आणखी सावकाश. वळताना एका बाजूचा ब्रेक धरून, थ्रॉटल देऊन जागच्या जागी गिरकी घेऊ नका. एक चाक जमीन उकरतं, दुसरीकडे प्रॉपेलर उकरलेलं ओढून घेतो. मोठं वळण घ्या. दुसऱ्या विमानाच्या मागे लागून तर कधीच जाऊ नका, त्याने उडवलेलं सगळं तुमच्या चक्रात येतं.

धाव घेतानाही थांबायचं नाही. पट्टीवर वळलात की चालत्या विमानातच थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, आणि पंधरा-वीस नॉट झाल्यावर पूर्ण उघडायचा. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) १० अंश, योक मागे, नाक उचललं गेलं की योक थोडा सैल. ही मऊ जमिनीवरची पद्धत तुम्हाला शिकवलेलीच असेल, पण डांबरावर तिचा सराव करताना 'का' ते कुणी फार सांगत नाही. नाक उचललं की पात्याचं टोक खड्यांपासून लांब जातं, हे तिचं निम्मं कारण.

याची किंमत आहे आणि ती आधी मोजली पाहिजे. हस्तपुस्तिकेतल्या तक्त्यातलं धावेचं अंतर ब्रेक सोडायच्या आधी पूर्ण जोर दिला आहे असं धरून काढलेलं असतं. तुम्ही चालत्या विमानात जोर वाढवणार, म्हणजे अंतर वाढणार. कोरड्या गवतावर १७२ एस ची हस्तपुस्तिका जमिनीवरच्या धावेत आणखी १५ टक्के धरायला सांगते. त्यात आपली उंची. लोहगावची उंची समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर, म्हणजे १९४२ फूट. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीसला गेला की विमानाला वाटणारी उंची साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. तुमची पट्टी फार वेगळी नसणार. इंजिनाचा दम कमी, धाव लांब. म्हणूनच दुपारी पट्टी आखूड वाटू लागली की वैमानिक ब्रेक दाबून पूर्ण जोर देण्याच्या मोहात पडतो, आणि खाचा पडतात. याचा उपाय सकाळी आठच्या आत उडणं, टाकीत लागेल तेवढंच इंधन घेणं, आणि हिशेब बसत नसेल तर त्या दिवशी न उडणं.

उतरताना फारसं सांगण्यासारखं नाही. थ्रॉटल बंद, मुख्य चाकं आधी, नाक जमेल तितका वेळ वर, आणि जोराचा ब्रेक नाही. ब्रेक मारला की नाक खाली झुकतं आणि ज्या क्षणी मोकळी जागा सगळ्यात जास्त हवी त्याच क्षणी ती कमी होते.

मोकळ्या जागेचंही बोलू. नाकाखाली चाक असलेल्या विमानाला, ते टॅक्सीच्या स्थितीत उभं असताना, पात्याचं टोक आणि जमीन यांत कमीत कमी सात इंच अंतर हवं असा अमेरिकेच्या प्रमाणीकरणाचा जुना नियम होता. १७२ च्या हस्तपुस्तिकेतल्या आकृतीत ते साधारण सव्वाअकरा इंच दाखवलेलं असतं. पण ते स्ट्रट नीट भरलेला आणि चाकात हवा बरोबर असताना. मी तपासायला गेलेल्या कितीतरी विमानांत नोज स्ट्रट दोन बोटं बसलेला असतो आणि टायर मऊ असतो. म्हणजे अंतर तिथेच दोन-अडीच इंचांनी गेलं. दर आठवड्याला स्ट्रटमधला दाब आणि टायरची हवा पाटीवर लिहिल्याप्रमाणे आहे का ते बघा. स्ट्रटची चकचकीत नळी धुळीने माखलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसून मग तेलाचा हलका हात फिरवा, नाहीतर धूळ सील कापते आणि स्ट्रट पुन्हा बसतो. तुमच्या मॉडेलला मान्यता असेल तर नोजव्हीलला ५.००-५ ऐवजी मोठा ६.००-६ टायर आणि त्याचा मोठा फोर्क बसवता येतो. नाक दीडेक इंच वर येतं. मुरमासाठी पैसे खर्च करायचे असतील तर तिथे आधी करा. चाकांवरची फायबरची टोपणं मात्र काढून ठेवा. काळ्या जमिनीचा चिखल त्यांत असा घट्ट बसतो की चाक फिरेनासं होतं.

टेपबद्दल. लाकडी आणि कॉम्पोझिट पात्यांना, विशेषतः रोटॅक्स इंजिनाच्या हलक्या विमानांत, बनवणाराच कडेला पॉलियुरेथेन पट्टी किंवा धातूची पत्ती देतो, आणि ती तिथे हवीच. पण तुमच्या प्रमाणित विमानाच्या ॲल्युमिनियम पात्यावर बाजारातून आणलेली टेप चिकटवणं मला मान्य नाही, आणि प्रॉपेलर बनवणाऱ्याची मान्यता नसेल तर कायद्यानेही ते करता येत नाही. तिच्याखाली ओल अडकते, गंज सुरू होतो. एका पात्यावरची अर्धी सुटली तर तोल जातो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाच दिसेनाशी होते. तुमचं बोट आणि पात्याची कड यांच्यामध्ये मला काहीही नको आहे.

तीन पात्यांचा प्रॉपेलर व्यासाने थोडा लहान असू शकतो, त्यामुळे जमिनीपासून अंतर वाढतं, हे खरं. लाकडी गाभा आणि निकेलची कड असलेली कॉम्पोझिट पाती खड्याचा मार चांगला सोसतात, हेही खरं. पण तुमच्या विमान-इंजिनाच्या जोडीला त्याची मान्यता आहे का, डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) बदलाची कागदपत्रं होतील का, वजन आणि गुरुत्वमध्य किती हलतो, हे सगळं बघावं लागतं. आणि उभ्या विमानात थ्रॉटल उघडायची सवय तशीच राहिली तर दोनऐवजी तीन पात्यांवर खाचा पडतील. आधी सवय बदला, सहा महिने खाचा मोजा. मग ठरवा.

आता मी हे इतकं कळकळीने का सांगतो, ते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली सुरुवातीची वर्षं. एका कारखान्याच्या आवारातल्या मुरमाच्या पट्टीवर आमचं विमान आठवड्यातून दोनदा जायचं. एकदा वार्षिक तपासणीसाठी ते माझ्याकडे आलं. पात्यांना पुढून काळा रंग नवा दिलेला होता, कड हाताला गुळगुळीत लागत होती. मी समाधानाने पुढे जाणार, इतक्यात खिडकीतून तिरपं ऊन पडलं आणि एका पात्याच्या कडेवर, टोकापासून हातभर आत, रंगाखाली किंचित चपटी जागा दिसली. रंग काढला. खाली खाच होती, पण उघडी नव्हती. कुणीतरी हातोडीने तिचे काठ ठोकून ती बुजवली होती, कानस फिरवली होती आणि वरून रंग दिला होता. डाय पेनिट्रंट, म्हणजे तडा दाखवणारं रंगद्रव, लावलं: आधी स्वच्छ केलं, लाल द्रव सोडला, थांबलो, पुसला, पांढरी पूड फवारली. दोन मिनिटं काही नाही. मग त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक लाल रेघ हळूहळू उमटली, चार-पाच मिलिमीटर लांब, कडेपासून आत जाणारी. कुणी ठोकलं ते मला कधी कळलं नाही आणि त्या विमानाने त्या तड्यासकट किती उड्डाणं केली तेही नाही. ते पातं तिथेच बाद झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ऊन तिरपं पडलं नसतं तर मी सही केली असती. तेव्हापासून पुढच्या कडेवर नवा रंग दिसला की तो मी काढून बघतो.

म्हणून रोजची तपासणी अशी करा. प्रत्येक उड्डाणाआधी, आणि मुरमावर उतरल्यानंतरही. किल्ली काढून, मॅग्नेटो बंद, मिक्श्चर कट-ऑफ (इंधन बंद), चाकांना चॉक (अडसर) लावलेले. तरीही प्रॉपेलर जिवंत आहे असंच समजून, त्याच्या फिरण्याच्या वाटेत अंग न आणता. आधी डोळ्यांनी, प्रकाश तिरपा पडेल असं उभं राहून. सकाळचं ऊन याला उत्तम. मग कापसाचा बोळा कडेवरून मुळापासून टोकाकडे हलक्या हाताने ओढा. जिथे एखादा धागा अडकून राहील तिथे थांबा. मग अंगठ्याचं नख. बाहेरच्या एक तृतीयांश भागाकडे जास्त लक्ष द्या, पण पाठीमागच्या सपाट बाजूलाही. तिथे खड्डे पडतात आणि कुणी बघत नाही. डायरीत प्रत्येक पात्याचं साधं चित्र काढून खाचेची जागा आणि तारीख मांडत जा. दोन महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळेल की कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून, कुठल्या टोकाला विमान उभं होतं तेव्हा खाचा पडतात.

खाच साफ करण्याचं काम एएमईचं, पण त्याच्या शेजारी उभे राहून बघा, म्हणजे काम नीट होतंय का ते कळेल. बारीक गोल किंवा अर्धगोल कानस, पात्याच्या लांबीच्या दिशेने. आडवी फिरवली तर कानशीचा प्रत्येक ओरखडा तडा सुरू व्हायची जागा होतो. खाच तळापर्यंत काढायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना उतार इतका लांबवायचा की तिथे खाच होती हे कडेवरून बोट फिरवताना कळू नये. सर्वसाधारण पद्धत अशी की कडेवरच्या खाचेला खोलीच्या निदान दहापट लांबीचा उतार हवा, सपाट बाजूवरच्या खड्ड्याला वीसपट. तुमच्या प्रॉपेलरच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर ती पुस्तिका खरी. मग बारीक पॉलिश पेपर. स्टील वूल किंवा तारेचा ब्रश अजिबात नाही, पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून गंज धरतो. नंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग, डाय पेनिट्रंट, आणि निर्मळ निघालं तरच रंग. कानसून किती धातू गेला आणि पात्याची रुंदी-जाडी अजून मर्यादेत आहे का, हे मोजून लिहायचं. पातं वाकलं असेल, अगदी थोडंसं, तर ते तुमच्या हँगरमध्ये कुणीही सरळ करायचं नाही. ते प्रॉपेलर कार्यशाळेतच जाईल.

आणि एक गोष्ट गवतासाठी. उंच गवतात किंवा साचलेल्या पाण्यात प्रॉपेलर शिरून फेरे एकदम खाली आले, तर पात्यांवर ओरखडा नसला तरी इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या लेखी तो प्रॉपेलर स्ट्राइकच आहे. क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला जो गिअर बसतो त्याच्या बोल्टवर तो धक्का जातो. तो बोल्ट गेला तर इंजिन हवेत बंद पडतं. अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) २००४ मध्ये अशा घटनेनंतर हा गिअर आणि बोल्ट तपासणं सक्तीचं केलं. तेव्हा असं काही झालं तर 'पाती तर ठीक आहेत' म्हणत पुढचं उड्डाण करू नका, एएमईला खरं काय झालं ते सांगा. वैमानिकाने घाबरून लपवलेली गोष्ट शोधून काढणं आम्हाला जवळपास अशक्य असतं.

शेवटी पट्टी. प्रॉपेलरची निम्मी निगा जमिनीवरच होते. मुरूम पसरून रोलर फिरवला की पहिल्या वर्षी तो छान बसतो. पावसात त्यातली बारीक माती धुऊन जाते, आणि ऑक्टोबरमध्ये वर उरतात ते नुसते खडे. डोळ्याला पट्टी पूर्वीसारखीच दिसते, पण ती आता खड्यांचा थर झालेली असते. दिवाळीच्या आधी पाणी मारून, बारीक मुरूम टाकून, रोलर फिरवून ती परत बांधून घ्या. मग दहा-बारा माणसं हातभर अंतराने ओळीत उभी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत न्या, प्रत्येकाच्या हातात घमेलं. अंगठ्याच्या नखाहून मोठा प्रत्येक खडा त्यात. जिथून धाव सुरू होते तिथले पहिले शंभर मीटर दोनदा.

जमलं तर पट्टीवर हरळी वाढू द्या. शेतकरी जिला खणून खणून कंटाळतो तीच हरळी आपल्याला हवी आहे. तिची मुळं मुरूम धरून ठेवतात, ती फार उंच होत नाही, तुडवली तरी परत फुटते. हडपसरला ग्लायडिंगचं मैदान आहे, तिथे एकदा जाऊन गवताखालची जमीन बघा. पट्टीचा काही भाग काळ्या मातीवर असेल तर तो एप्रिलमध्ये पायाने चालून तपासा. उन्हात तिला भेगा पडतात, त्यांतली एखादी नोजव्हील अडकण्याएवढी रुंद होते, आणि तिथे चाक शिरलं तर पात्यांची टोकं सरळ जमिनीत जातात. भेगांत मुरूम भरून ठोकून घ्या. पाऊस पडल्यावर त्या भागावर निदान दोन दिवस विमान नेऊ नका. टाचेने दाबून बघा, टाच रुतली तर चाकही रुतेल.

एएमई येईल तेव्हा दोन्ही पात्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रं, प्रॉपेलरचं लॉगबुक आणि तुमच्या पट्टीवर त्या तीन महिन्यांत इंजिन नेमकं कुठे उभं राहून सुरू केलंत त्या जागा, एवढं तयार ठेवा.